गुडघा आणि अडसर : लाकडी विंचेस्टरच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर

काम गळ्यात पडलं ते असं. आमच्या पूर्व मोंटानातल्या काउंटीचं संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. त्या सांभाळणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. इथल्या एका कुटुंबाने पणजोबांची रायफल देऊ केलीय. तिच्याभोवती एक भिंत उभी करायची आहे : होमस्टेडरचं (सरकारकडून जमीन घेऊन वसलेल्या शेतकऱ्याचं) घर, शिकार, चूल. आजी म्हणाल्या, "तू मशीनवाला आहेस ना? मग मुलांना हात लावता येईल असं काहीतरी करून दे. खऱ्या बंदुकीला कोणी हात लावायचा नाही."

दोन लाकडी प्रतिकृती करायचं ठरलं. एक १८७३ च्या विंचेस्टर कंपनीच्या रायफलीची, दुसरी १८९४ च्या. दोन्ही मूळच्या तिप्पट मापाच्या, एका बाजूने उघड्या, लिव्हर (पकडीखालची दांडी, जी ओढून रायफल भरतात) हाताने खालीवर करता येईल अशा. शिवाय भिंतीवरचा मजकूर तपासून द्यायचाय. आजींच्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य असं : "या रायफलीने कुटुंबाला रोजचं अन्न दिलं." बघू.

संग्रहालय उन्हाळ्यातच उघडतं, त्यामुळे मेअखेरपर्यंत वेळ आहे.

१६ नोव्हेंबर

रायफल पाहिली. विंचेस्टर १८९४, नळी २६ इंची, अष्टकोनी. नळीवर दोन शिक्के : एक थर्टी-थर्टीच्या काडतुसाचा, दुसरा "निकेल पोलाद, खास धूरविरहित दारूसाठी" अशा अर्थाचा. त्या काळी ही जाहिरातच होती. जॉन ब्राउनिंगने आखलेलं हे मॉडेल १८९४ मध्ये आलं तेव्हा काळ्या दारूची काडतुसं खात होतं. १८९५ मध्ये निकेल-पोलादाची नळी आली आणि तिच्यासोबत थर्टी-थर्टी. बार उडाल्यावर तोंडापुढे धुराचा ढग नाही आणि गोळीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या जवळपास.

नंबर पाच लाखांच्या पुढचा आहे. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत, पण या मॉडेलच्या नोंदी ३,५३,९९९ नंबरला संपतात. म्हणजे कारखान्यातून कधी निघाली याचं पत्र मिळणार नाही. छापील तक्ते १९१० च्या आसपास बोट दाखवतात. कुटुंबाने जमिनीचा दावा लावला तोही त्याच सुमारास, त्यामुळे जुळतं.

दस्त्याच्या बारीक मानेला तारेचं वेटोळं आहे. कधीतरी तडकली असणार. ते तसंच ठेवायचं. नळीला नवा निळा रंग चढवायचा नाही, पॉलिश करायचं नाही. आजींना हे पटवायला पाऊण तास गेला. त्यांना ती "लग्नात मिरवायला काढल्यासारखी" हवी होती.

१७ नोव्हेंबर

कालची एक गोष्ट लिहायची राहिली, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. बंदूक "रिकामी आहे, पन्नास वर्षं कोणी हात लावला नाही" असं सांगून आली होती. लिव्हर खाली ओढून पाहिला, कोठी (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) रिकामी. आजी "झालं" म्हणाल्या. मला मात्र नळीखालच्या मॅगझिनच्या (काडतुसं साठवायच्या) नळीत काहीतरी असल्यासारखं वाटलं. गेटमधून (काडतुसं भरायच्या बाजूच्या झडपेतून) बोट घातलं तर मागचा दट्ट्या लागायला हवा तिथे लागेना.

गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने पुढचा स्क्रू काढून नळी मोकळी केली आणि एक काडतूस बाहेर आलं. जिवंत. पितळेला हिरवा कळंक चढलेला, त्यामुळे ते नळीला चिकटून बसलेलं. स्प्रिंग थकलेली, ती त्याला मागे ढकलत नव्हती.

या बंदुकांची खोड हीच. मॅगझिन काढून हातात घेता येत नाही. रिकामी करायची तर लिव्हर मारत एकेक काडतूस कोठीतून फिरवून बाहेर काढावं लागतं. घरात मुलं, चुलीशेजारी खुंटीवर बंदूक, आणि प्रत्येक वेळी हा सोपस्कार. जुन्या १८९४ ला वेगळा सेफ्टी खटकाही नाही, घोडा अर्धवट चढवून अडकवायची खाच एवढीच काय ती. आडवा खटका आला थेट १९९२ मध्ये.

भिंतीवर हे लिहायचं. मसुद्यात नव्हतं.

२४ नोव्हेंबर

१८७३ ला सुरुवात. बर्च प्लाय १८ मिलिमीटरचा, चालते भाग मेपलचे.

यंत्रणा कागदावर सोपी. बोल्टच्या (कोठी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन दुवे, मधे सांधा. लिव्हर खाली गेला की सांधा मोडतो, बोल्ट मागे सरकतो आणि सरकता सरकता घोडा चढवतो. त्याच वेळी एक पितळी ठोकळा काडतूस पोटात घेऊन लिफ्टसारखा सरळ वर येतो. लिव्हर बंद केला की बोल्ट ते काडतूस कोठीत ढकलतो आणि दुवे पुन्हा एका रेषेत ताठ होतात. गुडघाच तो. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मागच्याने गुडघ्याच्या लवणीत टिचकी मारली की आपण कसे खाली बसायचो, तसा. ताठ असला तर सगळं वजन पेलतो, जरा वाकला की गेला.

त्यामुळे या प्रतिकृतीचं नाव ठेवलं गुडघा.

१ डिसेंबर

गुडघा ताठ होत नाही. लिव्हर पूर्ण बंद, तरी बोल्टला समोरून अंगठ्याने दाबलं की मागे येतो. पट्टी लावून पाहिलं तर सांधा मध्यरेषेच्या दोन मिलिमीटर खाली राहतोय. लिव्हर जिथे अडतो तो ठोकळा जाड पडला. तो तासला, पुन्हा दाबलं, आता जागचा हलत नाही. लेकीने दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. म्हणाली, "बाबा, एवढंसं लाकूड तासलंस आणि एवढा फरक?" हाच प्रयोग मुलांना करायला द्यायचा. शेजारी सुटी पाचर ठेवायची. ती घातली की गुडघा लुळा, काढली की ताठ.

ताठ असला तरी त्याला मर्यादा आहेच. १८७३ ची काडतुसं आखूड होती. नावाजलेलं फॉर्टीफोर-फॉर्टी : २०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) शिशाची गोळी, ४० ग्रेन काळी दारू. हरणासाठी शंभर यार्डांच्या आत ठीक, त्यापुढे नेमापेक्षा नशिबावर भिस्त. मात्र कोल्टने १८७८ पासून त्याच काडतुसाचं पिस्तूलही काढलं. कंबरेच्या एकाच पट्ट्यातली काडतुसं दोन्हीला. किराणा दुकान दिवसभराच्या वाटेवर असलेल्या माणसाला याचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळत असणार.

८ डिसेंबर

लाकडी काडतुसं कातली, बारा. खऱ्याची लांबी साधारण १.६ इंच, म्हणजे तिप्पट मापात १२ सेंटिमीटर. मी ११७ मिलिमीटरची कातली. तीन मिलिमीटरने काय बिघडतंय?

सगळं बिघडलं. ठोकळ्यात काडतूस बसलं की त्याने ठोकळा अगदी काठोकाठ भरायला हवा. ते आखूड पडलं तर मागून रेटणाऱ्या स्प्रिंगने पुढच्या काडतुसाचं बूड तीन मिलिमीटर ठोकळ्यात शिरतं. मग ठोकळा वर उचलतच नाही. लिव्हर अर्ध्यावर अडकला, मी जोर लावला आणि मेपलची कडी मोडली.

मोडलेली कडी हातात धरून बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. त्या काळी बरेच जण घरीच काडतुसं भरत. सांडशीसारखं हाताचं अवजार मिळायचं. चुलीवर शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, जुन्या पितळी नळीत नवी टोपी (घोडा आपटला की ठिणगी देणारी), मापाने दारू, वर गोळी. त्यात लांबी चुकली तर बंदूक अशीच अडायची, आणि ती माझ्यासारखी गॅरेजमध्ये हीटर लावून नव्हे. बारा पुन्हा कातणे.

१५ डिसेंबर

मामाचा चिपळूणहून फोन. त्याच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षण परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर रांग लावून परत आणायची. दारू ओत, चिंधी घाल, छर्रे टाक, गजाने ठास, टोपी बसव. बार चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर शेजारच्या वाडीत पोचलेलं.

त्याने विचारलं, "तुझ्या त्या बंदुकीत एका वेळी किती?"

"१८७३ च्या लांब रायफलीत पंधरा."

"पंधरा? मग ती शिकार कसली रे, वरातीतली माळ ती!"

हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. पंधरा कशाला? होमस्टेडरसाठी म्हणून ही बंदूक निघालीच नव्हती. हिची पूर्वज हेन्री रायफल १८६० ची, अमेरिकेच्या यादवी युद्धात गेलेली. तिच्यात काडतुसं पुढून भरावी लागत. १८६६ मध्ये नेल्सन किंगच्या पेटंटने बाजूचं गेट आलं आणि भरणं सोपं झालं. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत, म्हणजे याच मोंटानात, लाकोटा आणि शायान योद्ध्यांच्या हातात हेन्री आणि १८६६ च्या विंचेस्टर होत्या. कस्टरच्या अमेरिकी घोडदळाकडे एकेक काडतूस घालायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन. १९८३ च्या वणव्यानंतर तिथे उत्खनन झालं, तेव्हा रिकाम्या पितळी नळ्यांवरून कोण कुठून झाडत होतं हे कळलं.

५ जानेवारी

सुट्टीत काम ठप्प. आज उणे २९. गॅरेजमधून घरात आलो की चष्म्यावर धुकं. खऱ्या बंदुकीचंही असंच. गारठ्यातून उबदार खोलीत आणली की लोखंडाला घाम फुटतो आणि दुसऱ्या दिवशी गंज. म्हणून हिवाळ्यात ती बाहेरच्या पडवीत किंवा गोठ्यात टांगायची. कडाक्यात तेलही गोठल्यासारखं घट्ट होतं, घोडा हळू पडतो, टोपी फुटत नाही. त्यासाठी तेल पुसून रॉकेलचा हात फिरवायची रीत होती.

आणि काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढून घेते. बार काढला त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, बंदूक पाण्याने धुतात? पण क्षार पाण्यातच विरघळतो, तेलात नाही. धूरविरहित दारू आली तरी टोप्यांमधला क्षार तोच राहिला, त्यामुळे पाणी सुटलं नाही.

१९ जानेवारी

दुसरी प्रतिकृती, १८९४. हिचं नाव अडसर. वाड्याच्या दारामागे आडवं लाकूड सरकवायचे ना, तेच इथे उभं. लिव्हर बंद केला की बोल्टच्या मागे पोलादाचा ठोकळा खालून वर सरकतो आणि बोल्टला मागे यायला वाटच उरत नाही. उघडताना आधी अडसर खाली, मग बोल्ट मागे. आणि बंदुकीचा तळच लिव्हरबरोबर खाली झुलतो, तो पाहायला मजा येते.

गुडघ्याला बारा दिवस आणि दोन मोडलेल्या कड्या लागल्या होत्या. अडसर तीन शनिवारांत चालू झाला. ब्राउनिंगच्या कामाबद्दल आणखी काय सांगू? कमी भाग, आणि प्रत्येक भाग जाड. थर्टी-थर्टीचा दाब गुडघ्याने सोसला नसता. १९२७ मध्ये या मॉडेलची दहा लाखावी रायफल राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली. एकूण सत्तर लाखांच्या वर झाल्या.

२६ जानेवारी

काडतुसांचा खण. थर्टी-थर्टीच्या गोळीचं नाक चपटं का, हे मुलांना दाखवायचंय. नळीत काडतुसं एकामागे एक झोपलेली, एकाचं नाक पुढच्याच्या बुडावर, म्हणजे नेमकं टोपीवर. नाक टोकदार असलं तर बंदूक आपटली की आतल्या आत बार. म्हणून चपटं, आणि चपटं म्हणून वाऱ्याला जास्त अडतं, लांबवर लवकर थकतं. यातून सुटला तो दुसरा बंदूककार, सॅव्हेज. त्याच्या १८९९ च्या लिव्हर रायफलीत काडतुसं फिरत्या चक्रात वेगवेगळी बसतात, त्यामुळे टोकदार गोळी चालते. तिसऱ्या, मार्लिनने वेगळंच काहीतरी सोडवलं : १८८९ पासून काडतुसाची रिकामी पितळी नळी बाजूने फेकली. विंचेस्टरची वर उडते आणि कधी डोक्यावरच्या टोपीवर, कधी कॉलरमध्ये पडते.

२ फेब्रुवारी

आज रायफल नीट, भिंगाखाली, तास-दीड तास पाहिली. आजींचं पहिलं वाक्य मनात होतं.

बाहेरून ती थकलेली आहे. पण सगळीकडे सारखी नाही. मधे, तोल साधला जातो तिथे, जिथे माणूस एका हाताने धरून चालतो, तिथे निळा रंग पार गेलाय. खाली पांढरं पोलाद, कडा गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारख्या. नळीच्या खाचा मात्र आतून जवळपास कोऱ्या. लिव्हरच्या पिनेला नावाला झीज. घोड्याची खाच धारदार.

म्हणजे ही बंदूक मैलोन्‌मैल हातात हिंडली आणि फार थोडे वेळा उडाली.

९ फेब्रुवारी

मग उडाली का नाही? याचं उत्तर बंदुकीत नाही, जमिनीत आहे.

होमस्टेड कायदा लिंकनने २० मे १८६२ ला सही केलेला : १६० एकर, पाच वर्षं राहा, कसा, घर बांधा, जमीन तुमची. इथल्या कोरड्या माळावर १६० एकरांत पोट भरेना, म्हणून १९०९ मध्ये ३२० एकर, १९१२ मध्ये मुदत तीन वर्षांवर. मोंटानाची खरी गर्दी तेव्हाची. ३२० एकर म्हणजे १२,८०० गुंठे. आपल्याकडे कमाल जमीन धारणेत कोरडवाहूला ५४ एकर, हे शेजाऱ्याला सांगितलं तर त्याला वाटलं मी मस्करी करतोय. अविवाहित स्त्रियाही स्वतःच्या नावाने दावा लावत. आणि ही "मोकळी" जमीन ज्यांची होती, त्या लोकांना तोवर राखीव क्षेत्रांत कोंडलेलं होतं. हे भिंतीवर आलं पाहिजे, यावर आजी आणि मी न भांडता एकमत.

पण ते लोक १९१० ला आले. गवे (इथले बायसन) १८८४ पर्यंत संपलेले. १८८६ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाचा हॉर्नडे नमुन्यांसाठी गवे शोधत माइल्स सिटीकडून उत्तरेला गेला, तेव्हा त्याला जेमतेम दोन डझन मिळाले. हरणं, प्रॉन्गहॉर्न, एल्क बाजारी शिकाऱ्यांनी विरळ करून टाकलेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचे शिकारी किस्से इथल्याच शेजारच्या डकोटातले, पण १८८० च्या दशकातले, आणि तो रँचवाला होता. लांब बंदुका घेतलेले ऐटबाज फोटो बहुतेक त्या पिढीचे. टेरी गावची छायाचित्रकार इव्हलिन कॅमरन १८८९ मध्ये नवऱ्याबरोबर इंग्लंडहून इथे आली ती शिकारीसाठीच. पुढे तिच्या कॅमेऱ्यासमोर आले ते नांगर धरलेले, कोंबड्यांना दाणे टाकणारे होमस्टेडर.

मग ताटात काय? ससे, माळकोंबड्या, घरची अंडी, घेवडा, बटाटे. त्यासाठी एकबारी पॉइंट टू-टू किंवा छऱ्यांची बंदूक. हीच खरी घरची बंदूक, आणि ती कोणी संग्रहालयाला देत नाही, कारण ती झिजून फेकून दिलेली असते. थर्टी-थर्टी निघायची शरद ऋतूत. घळीच्या माथ्यावर वाऱ्याकडे तोंड करून पडून राहायचं. एखादं म्यूल डिअर जातीचं हरीण शंभर-सव्वाशे यार्डांत आलं, तर एक बार. लिव्हरचा उपयोग दुसऱ्या बारासाठी : बंदूक खांद्यावरून न उतरवता, जखमी जनावर घळीत उतरायच्या आत. पुढचे सगळे भरलेलेच राहायचे.

मामाला हे सांगितलं. म्हणाला, "म्हणजे ठासणीच की. फक्त भिऊन दोनदा ठासलेली."

२ मार्च

चुलीचा कोपरा आजींचा. एका हरणाचं मांस थंडीत उत्तरेच्या भिंतीला टांगलं की गोठून राहायचं. ऊन चढू लागलं की बरण्या. मांसाच्या बरण्या आधी उघड्या उकळत्या पाण्यात तास न्‌ तास ठेवत. १९१७ मध्ये कृषी खात्याने सांगितलं की मांस आणि भाज्यांना दाबाचा कुकरच हवा. आजींच्या आईकडे तो होता. झाकणाला सहा स्क्रू, आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी अंगणात पळायचं.

१३ एप्रिल

मजकुरावर बैठक. देणगीदार कुटुंबातले एक काका आले होते. त्यांना "रोजचं अन्न" हे वाक्य हवंच होतं, लहानपणापासून तेच ऐकलेलं. मी त्यांच्या हातात मोजे घालायला दिले, रायफल दिली आणि म्हटलं, चालताना धरतात तशी धरा. त्यांची बोटं नेमकी त्या पांढऱ्या पोलादावर बसली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, १९१७ नंतर पाऊस गेला, तेव्हा आजोबा रोज संध्याकाळी कुंपणाच्या कडेने बंदूक घेऊन चालत जायचे आणि रिकाम्या हाताने यायचे, असं आत्या सांगायची.

जुनं वाक्य काढलं. त्या जागी आत्याचं वाक्य, त्यांच्या परवानगीने.

२५ मे

उघडलं. पहिल्या तासात गुडघा दोनदा अडकला, दोन्ही वेळा मुलांनी लिव्हर अर्ध्यातून परत ओढल्यामुळे. अडसर एकदाही नाही. पाचर सगळ्यांत लोकप्रिय.

ठोकळ्याला मेण लावणे. लिव्हरशेजारी "पूर्ण खाली, मग वर" अशी पाटी. लाकडी काडतुसं बारापैकी नऊ उरलीत, तीन कोणाच्या तरी खिशातून घरी गेली. सहा कातायची, १२० मिलिमीटरची.